पापनाशमचे कोठार आणि राजशब्दाची पत

पापनाशमलगतच्या तिरुप्पालैत्तुरै येथील शिवालयात विटांचे एक भव्य धान्यकोठार आहे. ते सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले, नायक राजवटीतले. त्यात 3,000 कलम भात मावे असे सांगतात. पुढे तंजावरात आलेल्या भोसल्यांची खरी दौलतही कावेरीच्या पाण्यावर पिकणारे हे भातच होते. म्हणून या राज्यातील मर्जीच्या राजकारणाचा हिशेब दरबारापेक्षा शेतात अधिक स्पष्ट दिसतो.

1773 ते 1776 या काळात राज्य अर्काटच्या नवाबाच्या ताब्यात गेले. 1781 मध्ये हैदरअलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला. अशा वेळी तुळजाराजांनी कारभार आपला मर्जीतला सरखेल बाबा याच्या हाती सोपविला. (कोकणात ‘सरखेल’ म्हटले की आंग्र्यांचे आरमार आठवते, तंजावरात तो मुलकी कारभाराचा प्रमुख.) त्याने अनेक गावांचा एक ‘पट्टक’ करून तो मातब्बर मिरासदारांकडे दिला. राजा आणि रयत यांच्यामध्ये पट्टकदार उभा राहिला. त्याच्याविरुद्धची दाद मागायची ती त्याला नेमणाऱ्याकडेच.

रयतेने गावेच सोडली. याचे प्रसिद्ध वर्णन जर्मन मिशनरी श्वार्ट्झ याच्या 1794 च्या पत्रात आहे. जूनमध्ये सुरू व्हावयाची लागवड सप्टेंबर उजाडला तरी झाली नव्हती आणि दुष्काळाचे भय पसरले होते. राजाने न्यायाचे आश्वासन पाठविले. लोकांनी ते मानले नाही. मग राजाच्याच सांगण्यावरून श्वार्ट्झने आपल्या नावाने हमी दिली, तेव्हा प्रथम कळ्ळर परतले, एका दिवसात 7,000. मागून इतरही आले.

अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. हे पत्र निरपेक्ष वृत्तान्त नव्हे. 1793 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मिशनकार्यावर झालेल्या टीकेला ते उत्तर आहे, आणि त्यातील कथेचा नायक लेखक स्वतः आहे. तरीही त्यातील एक तपशील लेखकाच्या सोयीचा नाही, म्हणून मला तो विश्वसनीय वाटतो: जुलूम करणाऱ्यांत तो राजाच्या कारभाऱ्याबरोबर मद्रासच्या दुभाष्यांनाही धरतो. हे दुभाषे इंग्रजी वर्तुळातले. तेव्हा सारा दोष मराठी दरबारावर टाकून भागत नाही.

पण राजशब्दाची पत गेली ती दरबारातच. 1787 मध्ये तुळजाराजे वारले. दत्तक सरफोजींना डावलून अमरसिंह गादीवर आले, आणि त्यांच्याकडेही शिवराव या कारभाऱ्याचे प्रस्थ माजले. 1793 मध्ये सरफोजींना मद्रासला हलवावे लागले. 1798 मध्ये त्यांना गादी मिळाली ती कंपनीच्या निर्णयाने. 25 ऑक्टोबर 1799 च्या तहाने मुलकी कारभार कंपनीकडे गेला. पट्टकदारी मोडली ती कंपनीच्या अमलात.

याच सरफोजींनी 1803 मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. श्वार्ट्झचे पत्र आणि हा शिलालेख शेजारी ठेवून वाचावेत. एकाचा कर्ता राजपुत्राचा पालक, दुसऱ्याचा आश्रयदाता तोच राजपुत्र. अमरसिंहांची बाजू दोहोंतही परक्याच्या तोंडून येते. कावेरीकाठच्या कुणब्याने तर काहीच लिहिले नाही. त्याची नोंद एवढीच, की तो गेला, राजाच्या शब्दावर आला नाही, आणि दुसऱ्याच्या शब्दावर आला.