नीटमध्ये मार्क कमी पडले, तर एमबीबीएसचे कोणते रस्ते खरंच उघडे असतात?

नीटचा निकाल लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘कमी मार्क? काळजी नको, शंभर टक्के एमबीबीएस सीट, डायरेक्ट ॲडमिशन.’ खाली एक मोबाइल नंबर. ज्या घरात पोरीला अडीचशे मार्क पडलेत, त्या घरात तो नंबर लावला जातो. कधी कधी त्यापुढे जमीनही विकली जाते.

म्हणून आधी एक गोष्ट समजून घ्या. नीट क्वालिफाय होणं आणि सीट मिळणं यात फार मोठं अंतर आहे.

२०२५ मध्ये खुल्या गटाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर थांबली, राखीव गटांची ११३ वर. १४४ म्हणजे बरोबर २० टक्के. ‘पन्नास पर्सेंटाइल’ म्हणजे पन्नास टक्के मार्क नव्हेत, निम्म्या मुलांच्या पुढे असणं. त्या वर्षी परीक्षेला साधारण २२ लाख मुलं बसली, १२ लाखांहून जास्त पात्र ठरली, आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. पात्रता म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी, एवढंच.

त्या रांगेत मार्क नाही, रँक बघतात. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ चा पेपर अवघड निघाला आणि देशात पहिला आलेला मुलगा ६८६ वर होता. त्यामुळे ‘गेल्या वर्षी इतक्यावर मिळालं होतं’ हा शेजारच्या काकांचा हिशोब कामाचा नाही. कटऑफ बघायचाच तर रँकचा बघा, आणि तोही आपल्या प्रवर्गाचा.

बारावीचं काय? तिथे कमी टक्के असले तर फार बिघडत नाही. राज्याच्या प्रवेश नियमांत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या गटाला ५० टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के ही अट राहिली आहे. ती पार केली की गुणवत्ता यादी नीटवरच लागते. त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाचा.

आता जागा. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के जागा देशपातळीवर एमसीसी भरते, ८५ टक्के राज्याचा सीईटी कक्ष भरतो. आपल्या राज्यातल्या मुलांनी खरा जोर या ८५ टक्क्यांवर ठेवावा. इथेच जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रीमीलेअर, ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र उपयोगी पडतं. माजी सैनिकांची मुलं, डोंगरी भाग, सीमाभाग असे छोटे कोटेही आहेत. ते अनेकांना माहीतच नसतात, आणि कळतात तेव्हा फॉर्मची तारीख गेलेली असते. मार्क वाढवता येणार नाहीत, पण कागद वेळेत काढणं आपल्या हातात आहे.

खासगी कॉलेजात राज्य कोट्याची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तरी ती वर्षाला लाखांतच जाते. इथे मुलींसाठी मोठा फरक पडलाय. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोटा आणि अभिमत विद्यापीठं यात येत नाहीत.

अभिमत विद्यापीठांत रँक बरीच खाली उतरते, कारण तिथे गाळणी पैशाची असते. वर्षाला वीस-पंचवीस लाख, काही ठिकाणी त्याहूनही वर. साडेचार वर्षांचा आणि हॉस्टेलचा हिशोब आधी कागदावर मांडा. नुसतं नाव नोंदवायलाही एमसीसीकडे दोन लाख अनामत ठेवावी लागते, आणि पुढच्या फेऱ्यांत मिळालेली सीट सोडली तर ती बुडते.

आता त्या मोबाइल नंबरकडे येऊ. वसंतदादांच्या काळात, १९८३ पासून, विनाअनुदानित कॉलेजं आली आणि डोनेशन हा शब्द घराघरांत पोचला. १९८७ मध्ये राज्याने कॅपिटेशन फीविरोधात कायदा केला, तरी आठवण पुसली गेली नाही. आईवडिलांना अजून वाटतं की ‘आतून’ काम होतं. पण २०१६ पासून एमबीबीएसला नीट सक्तीची आहे, आणि मॅनेजमेंट, एनआरआय, अभिमत अशा सगळ्या जागा कौन्सेलिंगमधूनच भरतात. एजंट बहुतेक वेळा करतो काय, तर तुम्हाला रँकवर मिळणारीच सीट ‘मिळवून देतो’ आणि त्याचे पैसे घेतो. नाही मिळाली तर फोन बंद.

परदेशाचा रस्ता खरा आहे, पण लांबचा. त्यालाही नीट पात्रता लागतेच, तो निकाल तीन वर्षं चालतो. २०२१ च्या नियमांनुसार कोर्स किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि त्याच संस्थेत वर्षभराची इंटर्नशिप असलेला हवा. परत आल्यावर एफएमजीई, ३०० पैकी १५० गुण. जून २०२४ मध्ये पाचातला जेमतेम एक पास झाला. तिकडची फी परवडते म्हणून निघालात तर हा आकडा विसरू नका.

उरतो रिपीट. एमबीबीएससाठी नीट किती वेळा द्यायची यावर मर्यादा नाही, वयाची वरची अटही २०२२ मध्ये काढली. पण चारशेवरून वर चढणं आणि दीडशेवरून चढणं सारखं नाही. १८० पैकी ९० प्रश्न बायोलॉजीचे, म्हणजे निम्मे मार्क पाठ्यपुस्तक नीट वाचून मिळणारे. तिथेच पोरगं अडलं असेल, तर एक वर्ष देण्यात अर्थ आहे. दोनदा तिथेच थांबलं असेल, तर त्याच नीटवर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यकीयचेही प्रवेश होतात. त्यांचे फॉर्म एमबीबीएसच्या शेवटच्या फेरीची वाट बघत सोडून देऊ नका.