केटलीला उकळी कशी कळली

आधण आलं की विजेची केटली ‘टक’ असा आवाज करते आणि आपली आपण बंद पडते. केटली विकत घेताना लोक ती काचेची की स्टीलची, एक लिटरची की दीड लिटरची, हे बघतात. त्या ‘टक’ची चौकशी सहसा कुणी करत नाही. खरं तर केटलीत पारखून घ्यावं असं काही असेल तर ते तेवढंच, आणि ते जमायला माणसांना साठेक वर्षं लागली.

सुरुवात 1890च्या दशकात झाली. रुक्स इव्हलिन बेल क्रॉम्प्टन हा इंग्रज इंजिनिअर, म्हणजे आपल्याकडे पंख्यांवर ज्याचं आडनाव आजही दिसतं तोच. तरुणपणी सैन्यात असताना तो हिंदुस्थानात होता आणि वाफेच्या इंजिनाने रस्त्यावरून मालगाड्या ओढायचे प्रयोग करत होता. पुढे मायदेशी तो विजेच्या धंद्यात उतरला आणि त्याच्या कंपनीने विजेची केटली विकायला काढली. पण तिची तापणारी तार पाण्यात नव्हतीच. ती बुडाखालच्या वेगळ्या कप्प्यात असे. बरीचशी उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नसे आणि उकळी यायला फार वेळ लागे. ज्याच्या घरी गॅसची शेगडी होती त्याला हे नवं भांडं घेण्याचं कारण नव्हतं.

1909 साली जर्मनीत एईजी कंपनीसाठी पीटर बेहरेन्स या वास्तुविशारदाने केटलीच्या देखणेपणाचा प्रश्न सोडवला. मोजकेच आकार, धातू आणि पृष्ठभाग यांची अदलाबदल करून त्याने केटल्यांची अख्खी मालिका उभी केली. त्या अजूनही सुंदर दिसतात. उकळी मात्र त्यांनाही कळत नव्हती.

तार थेट पाण्यात नेली ती बर्मिंगहॅमच्या बुलपिट अँड सन्स या कारखान्यात, 1922च्या सुमारास. तिथल्या आर्थर लेस्ली लार्जने तापणारी तार धातूच्या नळीत बंद केली आणि ती नळीच केटलीच्या आत बसवली. ‘स्वान’ नावाने विकली गेलेली ही केटली झटपट उकळू लागली, आणि त्याबरोबर नवा धोका आला. कुणी आधण ठेवून दुसऱ्या कामाला लागलं की पाणी आटायचं, नळी लाल व्हायची, केटली जळायची. उपाय म्हणून काही केटल्यांत अशी सोय केली गेली, की अति तापल्यावर वायरची पिनच बाहेर ढकलली जाई. त्याने आग टळे. पण पाणी आटेपर्यंत घरभर वाफ होई ती होईच.

इथे बिल रसेल आणि पीटर हॉब्ज या दोघांचं काम मोलाचं ठरतं. 1952 साली त्यांनी मिळून कंपनी काढली. आधी आपोआप चालणारं कॉफीचं भांडं आणलं, आणि 1955 साली उकळी आल्यावर स्वतः बंद होणारी केटली. त्यांनी पाण्याचं तापमान मोजायचा नाद धरला नाही. त्यांनी वाफ पकडली. पाणी खळखळू लागलं की वाफ वाट काढत मुठीजवळच्या कप्प्यात शिरते. तिथे दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. पट्टी वाकते आणि कळ पडते. आजच्या केटलीत या पट्टीच्या जागी बशीसारखी किंचित खोलगट चकती असते. ती ठरावीक उष्णतेला एकदम उलटी फिरते, तोच तो ‘टक’. ही युक्ती फार शहाणपणाची आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं. 100 अंशांची वाट बघणारी केटली तिथे कधीच थांबली नसती. वाफेवर चालणारी बिनघोर थांबते.

ही चकती घरोघर पोचवली ती एका बाप-लेकाने. एरिक टेलर दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या विजेवर तापणाऱ्या पोशाखांच्या कामात होता आणि नंतर थर्मोस्टॅटकडे वळला. त्याचा मुलगा जॉन याने आयल ऑफ मॅन या छोट्या बेटावर ‘स्ट्रिक्स’ कंपनी नावारूपाला आणली. वाफेची कळ, पाणी नसताना वीज तोडणारी तळाची चकती, आणि केटली कशीही फिरवून ठेवता येईल अशी बैठक, हे सगळं तिथून जगभरच्या ब्रँडांत गेलं. केंब्रिजमधलं, 2008 साली स्टीफन हॉकिंग यांच्या हस्ते खुलं झालेलं ते अजब सोनेरी घड्याळ याच जॉन टेलरचं.

ब्रिटनमध्ये घरातल्या साध्या सॉकेटमधून 3000 वॅट मिळतात, म्हणून तिथे केटली फोफावली. 4 जुलै 1990 रोजी फुटबॉल विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने इंग्लंडला पेनल्टींवर हरवलं आणि देशभरचे लोक उठून आधण ठेवायला गेले. विजेची मागणी एकदम 2800 मेगावॅटने उसळली. आपला अख्खा कोयना प्रकल्प 1960 मेगावॅटचा आहे.

महाराष्ट्रात मात्र केटली चहाच्या ओट्यावर फारशी रुळली नाही. आपला चहा पाण्यातच साखर, पूड, आलं घालून उकळायचा आणि वर दूध ओतून पुन्हा उकळी काढायची. दुधाचा फेस वाफेआधीच वर येतो, कळ पडायच्या आत दूध उतू जातं आणि तळाला करपून चिकटतं. म्हणून घरात पातेलंच राहिलं, आणि केटली गेली वसतिगृहाच्या खोल्यांत, लॉजवर, कोरा चहा किंवा इन्स्टंट कॉफी पिणाऱ्यांकडे.

त्यांनी घेताना झाकण नक्की तपासावं. ते नीट बसलं नाही तर वाफ वरून निसटते, चकतीपर्यंत जात नाही आणि पाणी उकळतच राहतं. आपल्याकडे सर्रास मिळणारी 1500 वॅटची केटली लिटरभर पाण्याला चारेक मिनिटं घेते, ती पुरेशी आहे. तोंड हात जाईल इतकं रुंद असावं, कारण बोअरच्या पाण्याने तळाला पांढरा थर धरतो. पाण्यात लिंबू पिळून एक उकळी काढली आणि थोडा वेळ तसंच ठेवलं की तो सुटतो.