बरोबरीचा एक गुण

इतिहास म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. त्याला आम्ही शिकवणारेच जबाबदार आहोत, हे मला कबूल आहे. आज मात्र एका पराभवाचा इतिहास सांगायचा आहे. आणि गंमत अशी की, ज्यांचा पराभव झाला ते शेवटच्या दिवशी हरलेच नव्हते. स्थळ जपान, साल १९९९, आणि रणांगण म्हणाल तर फुटबॉलचे मैदान.

जपानमध्ये फुटबॉल वाढला तो कारखान्यांच्या छायेत. १९६५ साली तिथे राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा संघांची नावे होती मित्सुबिशी, हिताची, फुरुकावा. आपल्या मुंबईतही टाटा, मफतलाल, महिंद्र हे संघ होतेच की! खेळाडू कंपनीचा, मैदानाचा खर्च कंपनीचा, आणि कंपनीचे मन फिरले की संघ गुंडाळला. २०१० साली महिंद्र युनायटेडचे असेच झाले. जपानी मंडळींनी १९९३ साली व्यावसायिक ‘जे-लीग’ काढली ती हे बदलावे म्हणून. संघाला नाव गावाचे असावे, कंपनीचे नव्हे, असा दंडक त्यांनी घातला. परंतु नाव बदलले म्हणून पैशाची थैली थोडीच बदलते? १९९८ साली योकोहामा फ्ल्यूगेल्स या संघाच्या आश्रयदात्या कंपन्यांचे हात आखडले आणि संघ शेजारच्या मारिनोस संघात विलीन करण्याचे जाहीर झाले. त्या खेळाडूंनी १ जानेवारी १९९९ रोजी मानाचा सम्राट चषक जिंकला, आणि त्यानंतर तो संघ उरला नाही. चषक हातात आणि घर बुडालेले!

अशा वातावरणात मार्च १९९९ मध्ये लीगची दुसरी श्रेणी, म्हणजे ‘जे-टू’, सुरू झाली. दहा संघ होते. त्यांतला साप्पोरो वरून घसरून आलेला, बाकीचे नऊ खालून चढून आलेले. प्रत्येकाने प्रत्येकाशी चार वेळा खेळायचे, म्हणजे छत्तीस सामने. आणि पहिल्या दोघांना वरच्या श्रेणीत बढती.

आता गुणांचा हिशेब नीट ध्यानात घ्या, कारण सारी कथा त्यावरच उभी आहे. नव्वद मिनिटांत जिंकले तर तीन गुण. तोवर बरोबरी असेल तर जादा वेळ. त्यात पहिला गोल पडला की सामना तिथेच संपे आणि जिंकणाराला दोन गुण मिळत. जादा वेळही कोरडा गेला तर दोघांना एकेक. यापूर्वी बरोबरी ही गोष्टच लीगला मंजूर नव्हती. पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल लावीत. ‘बरोबरी’ हा शब्द १९९९ सालीच लीगच्या तक्त्यात आला.

हंगामात मातब्बर मंडळी होती. साप्पोरोने तर १९९८ च्या विश्वचषकात जपानच्या संघाचे मार्गदर्शक असलेले ओकादा ताकेशी यांना आणले. तरी संघ पाचवाच आला. पहिला आला कावासाकी फ्रोंताले, ७३ गुणांनी. हा मूळचा फुजित्सू कंपनीचा संघ. त्याचे मार्गदर्शक मात्सुमोतो इकुओ हे १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या जपानी चमूतले. दुसऱ्या जागेसाठी मात्र दोघांत रस्सीखेच लागली. एक एफसी तोक्यो, म्हणजे कालपरवापर्यंतचा तोक्यो गॅस कंपनीचा संघ. आणि दुसरा ओइता.

या ओइताची ओळख करून दिली पाहिजे. क्यूशू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा प्रांत. इथले गव्हर्नर हिरामात्सु मोरिहिको यांनी १९७९ साली ‘एक गाव, एक वस्तू’ ही चळवळ सुरू केली, ती पुढे परदेशांतही गाजली. २००२ च्या विश्वचषकाचे सामने आपल्याकडे व्हावेत म्हणून खटपट चालू झाली आणि १९९४ साली संघ उभा राहिला. पाठीशी एक बडी कंपनी नव्हती. नागरिक, उद्योजक आणि सरकार या तिघांचा मिळून संघ, म्हणून नाव ‘ट्रिनिटी’, त्रिमूर्तीच म्हणा ना! १९९९ पासून त्यात गावाचे नाव मिसळून ते ‘त्रिनिता’ झाले.

२१ नोव्हेंबर १९९९. शेवटचा सामना. ओइताचे ६२ गुण, तोक्योचे ६१. ओइता आपल्या घरी, समोर यामागाता. तोक्यो नीइगाताला पाहुणा. तिकडे तोक्योने १-० असा सामना मारला आणि ६४ गुणांवर जाऊन बसला. इकडे ओइताही १-० ने पुढे होता. घड्याळ संपत आलेले. एवढे टिकले असते तर ६५ गुण आणि बढती. आणि त्याच अखेरच्या मिनिटांत यामागाताच्या योशिदा तात्सुमाने फ्री किकवर गोल केला. जादा वेळात एक गोल झाला असता तरी तोक्योइतके गुण झाले असते. पण तोही झाला नाही. बरोबरी. एक गुण. एकूण ६३, आणि जागा तिसरी. वर्षभर छत्तीस सामने खेळून अखेर उणीव पडली ती एका गुणाची!

याच आठवड्यात वरच्या श्रेणीतही असाच कापूसकोंड्याचा हिशेब चालला होता. २७ नोव्हेंबरला उरावा आणि इचिहारा या दोन संघांचे गुण सारखे झाले आणि गोलफरकात उरावा एका गोलाने मागे राहून खाली घसरला. घसरण निश्चित झाल्यावर जादा वेळात उरावाच्या फुकुदाने विजयाचा गोल मारला. त्याचा उपयोग शून्य.

पुढल्या वर्षी हाच उरावा जे-टूमध्ये आला आणि ओइताला आडवा गेला. २००० सालचा शेवट: साप्पोरो ९४, उरावा ८२, ओइता ८१. पुन्हा एकच गुण कमी! कादंबरीत लिहिले असते तर तुम्ही लेखकाला हसला असता.

ओइता अखेर २००२ साली पहिला येऊन वर गेला. २००८ मध्ये त्याने लीगचा नाबिस्को चषकही जिंकला. पण त्रिमूर्तीचा खर्च उत्पन्नाच्या पुढे पळत होता. २००९ साली संघ कर्जात बुडाला, लीगकडून उसने घ्यावे लागले, आणि वरची श्रेणीही गेली. २०१२ साली त्या कर्जापैकी तीस कोटी येन बाकी होते आणि ते फेडल्यावाचून बढती नाही, असा नियम. तेव्हा नागरिक, उद्योजक आणि सरकार या तिघांनी मिळून ते पैसे उभे केले. नावातली त्रिमूर्ती प्रत्यक्ष कामाला आली ती इथे.

त्या साली बढतीची शेवटची जागा सामने खेळून ठरायची होती. ओइता सहावा, त्यामुळे बरोबरी झाली तर वरच्या क्रमांकाचा प्रतिस्पर्धी पुढे जाणार होता. २३ नोव्हेंबरला तोक्योच्या राष्ट्रीय मैदानावर समोर उभा राहिला चिबा. म्हणजे १९९९ साली एका गोलाने वाचलेला तो इचिहारा संघच, आता नाव तेवढे बदललेले. सामना ०-० असाच चालला होता. शेवटची चार मिनिटे राहिली असताना हायाशी ताकेनोरीने गोल केला, आणि या वेळी तो पुसायला पुढे कोणी आले नाही.