पैरा, गट आणि पक्ष

2004 आणि 2014 या दोन लोकसभा निवडणुकांचे कोल्हापूरचे निकाल शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. 2004 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसकडून सदाशिवराव मंडलिक उभे होते आणि शिवसेनेकडून धनंजय महाडिक. दहा वर्षांनी हीच दोन घराणी पुन्हा समोरासमोर आली. या वेळी राष्ट्रवादीचे घड्याळ महाडिकांकडे होते आणि शिवसेनेचा धनुष्यबाण सदाशिवरावांचे चिरंजीव संजय मंडलिक यांच्याकडे. दोन्ही वेळा घड्याळ जिंकले. मुंबई-दिल्लीच्या अभ्यासकाने हे निकाल वाचले तर तो म्हणेल, हा राष्ट्रवादीचा बालेकिल्ला. राधानगरीच्या एस.टी. स्टँडवरचा कुणीही सांगेल, पहिल्यांदा मंडलिक आले, दुसऱ्यांदा महाडिक आले. निकाल एकच, वाचने दोन. या दोन वाचनांमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

मधल्या 2009 च्या निवडणुकीने तर हे अंतर उघडेच केले. राष्ट्रवादीने सदाशिवरावांना उमेदवारी नाकारून संभाजीराजे छत्रपती यांना दिली. सदाशिवराव अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. पंचाहत्तरीच्या आसपासचा एक नेता पक्ष, चिन्ह आणि राजघराण्याचे वलय या तिन्हींच्या विरोधात उभा राहतो आणि जिंकतो, तेव्हा मतदाराची निष्ठा नेमकी कशाला चिकटलेली आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

त्याचे उत्तर आपल्याच शेतीतल्या एका शब्दात आहे: पैरा. ज्याच्याकडे एकच बैल तो दुसऱ्या एकबैल्याशी जुळवून घेई. आज तुझ्या रानात औत, उद्या माझ्या. रोपलावण असो, भांगलण असो की मळणी, आलेल्या माणसाच्या बदल्यात माणूस पाठवायचा. पैशाचा हिशेब नाही, कागद नाही. पण पैरा फेडला नाही तर पुढच्या हंगामात बांधावर कुणी उभे राहत नाही. कोल्हापूरच्या राजकारणाने हा शब्द जसाच्या तसा उचलला. इथली वर्तमानपत्रे निवडणुकीच्या काळात ‘पैरा फेडला’ असे मथळ्यात छापतात आणि वाचकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांतली एक साखळी पाहू. 2014 च्या लोकसभेला काँग्रेसचे सतेज पाटील यांनी धनंजय महाडिक यांना मदत केली. त्याच वर्षीच्या विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये सतेज पाटलांचा पराभव झाला आणि तो करणारे भाजपचे उमेदवार होते महाडिक घराण्यातलेच अमल महाडिक. पैरा फेडायचा तर राहिलाच, उलटा फिरला. पुढच्याच वर्षी, 2015 मध्ये, विधान परिषदेच्या निवडणुकीत सतेज पाटलांनी महादेवराव महाडिकांना हरवले. 2019 च्या लोकसभेला काँग्रेस आणि राष्ट्रवादीची आघाडी होती, म्हणजे धनंजय महाडिक हे सतेज पाटलांच्याही आघाडीचे उमेदवार. तरीही जिल्ह्यात ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा फिरली आणि आघाडीबाहेरचे, शिवसेनेचे संजय मंडलिक अडीच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. काही महिन्यांनी दक्षिणमध्ये सतेज पाटलांचे पुतणे ऋतुराज पाटील यांनी अमल महाडिकांना हरवले. 2024 मध्ये पट पुन्हा बदलला. काँग्रेसने शाहू छत्रपतींना उभे केले, सतेज पाटील त्यांच्या मागे उभे राहिले आणि मंडलिक दीड लाखाच्या फरकाने पडले. या साखळीत पक्षाच्या भूमिकेचा शोध घेतला तर हाताला काही लागत नाही. पैऱ्याची वही उघडली की प्रत्येक ओळ जुळते.

हे नेहमीच असे होते का? तसे नव्हते. कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्याच्या थोडे आधी शेतकरी कामगार पक्षाचा जन्म झाला होता. पुढची दोन-तीन दशके या जिल्ह्यातली कितीतरी गावे दोन भागांत विभागलेली होती: काँग्रेस आणि लाल बावटा. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत भाऊसाहेब महागावकर आणि 1977 मध्ये दाजिबा देसाई हे शेकापचे उमेदवार कोल्हापुरातून लोकसभेत गेले. 1985 मध्ये एन. डी. पाटील कोल्हापूर शहरातून विधानसभेवर निवडून आले. ही निष्ठा कडवी होती, पण तिला मजकूर होता. कूळ कायदा, शेतसारा, धान्याची लेव्ही, खंडकरी, दुष्काळ या विषयांवर शिबिरे होत, पुस्तिका वाचल्या जात. 1950 चा दाभाडी प्रबंध न वाचलेला कार्यकर्ताही ‘आपला पक्ष शेतकऱ्याचा का’ हे चार वाक्यांत सांगू शकत असे. माणूस पक्षात जन्मत असे हे खरे, पण पक्षात राहण्याचे कारण त्याला सांगता येई.

मग सहकार आला. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाने शेकापची मोठी फळी काँग्रेसमध्ये नेली आणि त्याच काळात गावातली सत्ता चावडीवरून संस्थांकडे सरकली. आज राधानगरी तालुक्यातल्या शेतकऱ्याचे जगणे चार दारांतून जाते. पीककर्जासाठी विकास सेवा संस्था आणि तिच्यामागे जिल्हा बँक, उसासाठी भोगावती किंवा बिद्रीचा कारखाना, दुधासाठी गावातली डेअरी आणि तिच्यामागे गोकुळ. या चारही दारांवर निवडून आलेले संचालक मंडळ असते आणि मंडळ म्हटले की पॅनेल आले. ऊस वाळत असताना तोड कधी येणार, हे ज्याच्या शब्दावर ठरते त्याच्याशी वैर परवडत नाही. तोड महिनाभर लांबली की वजन घटते. पक्षाचा जाहीरनामा ते भरून देत नाही. गटाची निष्ठा म्हणजे भाबडेपणा नव्हे. ती शेतकऱ्याने केलेली व्यवहाराची तजवीज आहे.

गोकुळचे उदाहरण बोलके आहे. तिथे दूध घालणारा प्रत्येक उत्पादक थेट मत देत नाही. प्रत्येक प्राथमिक संस्थेचा ठराव ज्याच्या नावे, तो मत देतो. 2021 मध्ये सारा जिल्हा मिळून मतदार साडेतीन हजारांच्या थोडे वर होते. म्हणून गावातल्या प्रत्येक गटाला स्वतःची डेअरी हवी असते आणि एकाच गल्लीत दोन दूध संस्था दिसतात. 2021 मध्ये सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या पॅनेलने 21 पैकी 17 जागा जिंकून गोकुळमधली जुनी सत्ता उलथवली. ती सत्ता होती महादेवराव महाडिक आणि पी. एन. पाटील यांची. हे पी. एन. पाटील म्हणजे जिल्ह्यातले काँग्रेसनिष्ठेचे चालते-बोलते उदाहरण. राजीव गांधींच्या जयंतीला दिंडनेर्लीत सद्भावना दौड भरवणारा हा नेता शेवटपर्यंत काँग्रेस सोडून गेला नाही. पण गोकुळमध्ये त्यांच्यासमोर काँग्रेसचे सतेज पाटील होते आणि शेजारी महाडिक. विधानसभेची निष्ठा एका ठिकाणी, दुधाची दुसऱ्या. मे 2024 मध्ये पी. एन. गेले. त्यांचे चिरंजीव राहुल पाटील काँग्रेसकडून करवीर लढले, थोडक्यात पडले आणि 2025 मध्ये अजित पवारांच्या राष्ट्रवादीत गेले. वडिलांची पक्षनिष्ठा वारसाने आली नाही. गट मात्र आला.

राधानगरी विधानसभेचेही तेच. 2014, 2019 आणि 2024 या तिन्ही निवडणुकांत प्रकाश आबिटकर विरुद्ध के. पी. पाटील हीच मुख्य लढत झाली आणि तिन्ही वेळा आबिटकर जिंकले. पहिल्या दोन वेळा के. पी. राष्ट्रवादीचे होते, तिसऱ्या वेळी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे. आबिटकर मधल्या काळात एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले होते. म्हणजे 2024 मध्ये दोन्ही बाजूंना ‘शिवसेना’ हेच नाव होते! मतदाराचा काही गोंधळ झाल्याचे दिसले नाही. त्याच्या लेखी लढत तीच होती. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिसेंबर 2023 मध्ये बिद्री कारखान्यावर के. पी. पाटलांच्या पॅनेलने सर्वच्या सर्व 25 जागा जिंकल्या. वर्षभरात ते विधानसभेला पडले. कारखान्याचे सभासद आणि विधानसभेचे मतदार हे संच एकच नाहीत, हे खरे. पण कारखान्याला एक आणि आमदारकीला दुसरा, असा विचार करणारी घरे या भागात कमी नाहीत.

आता जरा लांब, अमेरिकेकडे पाहू. आपल्याकडे पक्ष पातळ आणि गट घट्ट, असे म्हणून आपण खंतावतो, तेव्हा पक्ष घट्ट झाला की काय होते हे तिथे दिसते. एके काळी तिथला मतदारही वाटून मत देत असे. 1972 मध्ये रिचर्ड निक्सन आणि 1984 मध्ये रोनाल्ड रेगन या रिपब्लिकन उमेदवारांनी 50 पैकी 49 राज्ये जिंकली. पण दोन्ही वेळा प्रतिनिधिगृहात बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचेच राहिले. म्हणजे लाखो लोकांनी अध्यक्षाला एक आणि आपल्या भागातल्या प्रतिनिधीला दुसरा पक्ष निवडला होता. 2016 मध्ये, सिनेटची थेट निवडणूक सुरू झाल्यापासून प्रथमच, ज्या ज्या राज्यात सिनेटची लढत होती तिथे अध्यक्षपदाला जो पक्ष जिंकला तोच सिनेटलाही जिंकला. 2016 नंतर 2020 मध्ये 50 पैकी फक्त 5 राज्यांनी बाजू बदलली.

हे एका दिवसात घडले नाही. 1964 च्या नागरी हक्क कायद्यानंतर दक्षिणेतला गोरा मतदार हळूहळू डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे गेला. पुढे वंश, चर्चला जाणे-न जाणे, शहर आणि खेडे या साऱ्या रेषा एकावर एक येत गेल्या. पूर्वी एकाच पक्षात नाना तऱ्हेची माणसे असत. आता पक्ष कळला की माणूस कुठे राहतो, कोणत्या प्रार्थनेला जातो, याचा अंदाज येतो. त्याचा परिणाम सोयरिकीपर्यंत पोचला. आपले मूल विरुद्ध पक्षाच्या घरात लग्न करणार असेल तर वाईट वाटेल का, हा प्रश्न 1960 मध्ये विचारला तेव्हा होय म्हणणारे सुमारे 5 टक्के होते. 2010 मध्ये तशाच प्रश्नाला रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्म्यांनी आणि डेमोक्रॅटांपैकी तिघांत एकाने होय म्हटले.

आपल्याकडे सोयरिकीचे गणित उलटे आहे. के. पी. पाटील आणि 2024 ला त्यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहिलेले ए. वाय. पाटील हे नात्याने मेहुणे-पाहुणे. एका मांडवात जेवायचे आणि उद्या समोरासमोर अर्ज भरायचे, यात इथे कुणाला नवल वाटत नाही. पैऱ्याच्या राजकारणात वैर असते, पण ते हिशेबाचे असते. हिशेब मिटला की वैर मिटते. ‘दिलजमाई’ हा शब्द आपल्याकडे बातमीत येतो तो उगीच नाही. आणखी मोठी गोष्ट म्हणजे गटाची रेषा जात-धर्माच्या रेषेवर बसलेली नसते. कागलमधून हसन मुश्रीफ 1999 पासून 2024 पर्यंत सलग सहा वेळा निवडून आले. मुस्लिम मतदार अल्पसंख्य असलेल्या ग्रामीण मतदारसंघात हे घडते, ते लोक उपदेश ऐकून उदार झाले म्हणून नव्हे. कुणाच्या दवाखान्यासाठी कोण धावून आले, याची आठवण आडनावापेक्षा जास्त काम करते म्हणून.

म्हणून गटाची आरती ओवाळावी काय? मुळीच नाही. पैऱ्याची एक जबर किंमत आहे. निवडणुकीत एकमेकांचे कट्टर विरोधक असलेले अनेक नेते उसाच्या दराच्या प्रश्नावर मात्र एकाच बाजूला बसतात, कारण एकाचा हा कारखाना, दुसऱ्याचा तो. वजनकाट्याच्या पलीकडे दोन्ही गट, अलीकडे शेतकरी. राजू शेट्टी यांनी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून हीच गोष्ट दाखवून दिली आणि 2009 व 2014 मध्ये ते हातकणंगल्यातून लोकसभेत गेले. 2019 मध्ये त्यांचाही पराभव झाला. दराचा प्रश्न घेऊन रस्त्यावर येणारा शेतकरी मतपेटीपाशी पुन्हा गटात परततो. शिवाय ज्याच्याकडे ना ऊस, ना म्हैस, ना संस्थेचे सभासदत्व, त्याचा पैरा कोण धरणार? भूमिहीन मजूर, धनगरवाड्यावरचा माणूस, धरणात जमीन गेलेला विस्थापित यांच्याकडे गट मताच्या आदल्या रात्री येतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

खरी काळजी यापुढची आहे. आज गावातली तरुण पिढी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आणि पुण्यात कामाला आहे. तिचे पोट उसाच्या तोडीवर अवलंबून नाही, कारखान्याचा शेअर आजोबांच्या नावावर आहे. गटाचा धाक तिला नाही आणि गटाचा आधारही नाही. हे मोकळे झालेले मत कुठे जाणार? जून 2023 मध्ये समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून कोल्हापूर शहरात बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला, इंटरनेट बंद ठेवावे लागले. जुलै 2024 मध्ये विशाळगडाच्या वाटेवरच्या गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. ही भांडणे पैऱ्याची नव्हती. ज्यांच्यावर दगड पडले त्यांच्याकडे दगड मारणाऱ्यांचे काही देणे थकलेले नव्हते. अशा वैराला दिलजमाई लागू पडत नाही, कारण मिटवायला हिशेबच नसतो. अमेरिकेत ज्या रेषा एकावर एक आल्या, तशाच इथेही येऊ लागल्याची ही खूण आहे.

गट ढिला होतो आहे, हे मला वाईट वाटत नाही. त्याच्या जागी काय येते, हा प्रश्न आहे. या जिल्ह्याने लाल बावट्याच्या काळात तिसरी वाट चालून पाहिली आहे. त्या निष्ठेत कडवेपणा होता, पण तिच्याकडे मागण्यांची यादी होती, आणि यादी पुरी झाली की नाही हे कुणालाही तपासता येई. उसाचा दर, दुधाचा दर, एमआयडीसीतल्या कंत्राटी पोराचा पगार, अभयारण्याच्या कडेला गव्यांनी तुडवलेल्या पिकाची भरपाई, अशी यादी आजही करता येते. गटातून मोकळ्या झालेल्या तरुणापुढे ती कुणी ठेवली नाही, तर त्याच्या हातात दुसरे कुणीतरी दुसरी यादी देईल, आणि तिच्यात मागण्यांऐवजी शेजाऱ्यांची नावे असतील.