दिनविशेष : १५ जुलै – एक धागा जुना, एक नवा

१५ जुलै १९५८. मॅथ्यू मेसेलसन आणि फ्रँकलिन स्टाल यांचा शोधनिबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पासाडेनाच्या कॅलटेकमध्ये त्यांनी ई. कोलाय जिवाणू जड नायट्रोजनवर वाढवले, मग साध्या नायट्रोजनवर आणले. त्यांचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात मिनिटाला ४४,७७० फेऱ्यांनी २० तास फिरवला. एका पिढीनंतर जड आणि हलक्याच्या मधोमध एकच पट्टा दिसला. पुढच्या पिढीत त्याच्या जोडीला हलका पट्टा आला. म्हणजे डीएनएच्या प्रत्येक प्रतीत एक धागा जुना, एक नवा. इतका स्वच्छ पुरावा जीवशास्त्रात क्वचितच मिळतो.

हा जुना धागा फार मोलाचा. प्रत काढताना चूक झाली, तर दुरुस्ती करणारी प्रथिने जुना धागा प्रमाण मानून नवा सुधारतात. ही यंत्रणा जन्मतः सदोष असली, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. अशा कुटुंबांत तपासणी लवकर सुरू करतात आणि ती जीव वाचवते. करोनाच्या साथीत आपण नाकातून दिलेला नमुना आरटी-पीसीआर यंत्रात याच जुन्या-नव्या जोडीच्या रीतीने वाढवला जात होता : डीएनएचे दोन्ही धागे उष्णतेने सुटे करायचे आणि प्रत्येकासमोर नवा जोडीदार बांधायचा.