एका शून्यावर तगलेले राज्य : माँटे कार्लोची कथा

१/ फेब्रुवारी १८६१. मोनॅकोचा अधिपती तिसरा चार्ल्स याने मेंताँ आणि रोकब्रून या गावांवरील आपला हक्क ४० लाख फ्रँकांच्या मोबदल्यात फ्रान्सला दिला. १८४८ मध्येच ही गावे बंड करून वेगळी झाली होती. त्यांच्याबरोबर राज्याचा बहुतेक भूभाग आणि लिंबू-ऑलिव्हवरील करही गेला. उरला समुद्रकाठचा एक खडक आणि भोवतालची थोडी जमीन.

२/ उत्पन्नासाठी १८५६ मध्येच जुगारगृहाचा मक्ता देण्यात आला होता. परंतु तेथे पोहोचायला ना धड रस्ता, ना रेल्वे. मक्तेदार बदलले, पण खेळणारे येईनात.

३/ १८६३ मध्ये फ्रान्स्वा ब्लांकने ५० वर्षांचा मक्ता घेतला. जर्मनीतील होम्बुर्गचे जुगारगृह त्याने भावासह नावारूपाला आणले होते. मोनॅकोतील त्याच्या कंपनीचे नाव होते ‘सागरस्नान आणि परकीयांचे मंडळ’. जुगाराचा त्यात उच्चारही नाही!

४/ ब्लांकचे खरे भांडवल म्हणजे गणित. त्याच्या रूलेटच्या चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य, अशी ३७ घरे. अचूक आकड्याला पस्तीसपट रक्कम आणि मूळ पैसा परत. आता प्रत्येक घरावर एकेक फ्रँक लावून पाहा : जातात ३७, परततात ३६. उरलेला एक फ्रँक कॅसिनोचा, म्हणजे सुमारे २.७ टक्के. लबाडीची गरजच नाही.

५/ इतरत्र चाकावर दोन शून्ये असत. होम्बुर्गला ब्लांक बंधूंनी एकच ठेवले. कॅसिनोचा वाटा घटला, पण खेळणाऱ्यांची रीघ लागली. थोडा नफा, अगणित डाव : कॅसिनोचा व्यवसाय आजही याच तत्त्वावर चालतो.

६/ १८ ऑगस्ट १९१३ रोजी येथेच चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला. ‘आता तरी लाल येणारच’ या भरवशावर लोक रकमा वाढवत गेले आणि बुडाले. चेंडूला मागील डाव आठवत नसतो. आठवतो तो माणसाला.

७/ १८६६ मध्ये कॅसिनोच्या टेकडीला चार्ल्सच्या नावावरून ‘माँटे कार्लो’ हे नाव मिळाले. १८६८ मध्ये रेल्वे आली. १८६९ मध्ये प्रजेवरील प्रत्यक्ष कर रद्द झाले. १८७२ अखेर जर्मनीतील जुगारगृहे बंद झाली आणि मोठा प्रतिस्पर्धीही उरला नाही.

८/ मात्र मोनॅकोच्या नागरिकांना या कॅसिनोत खेळण्यास मनाई करण्यात आली. प्रजेचा कर माफ झाला, तो परक्यांच्या खिशातून भरला गेला. त्या चाकावर अखेरीस कोण जिंकते, हे राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच आपल्या माणसांना त्यांनी दाराबाहेर ठेवले.