भिंतीत नसलेला दगड

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातली घरं भूकंपात कोसळली, तेव्हा सारा दोष दगडमातीला दिला गेला. हा अन्याय आहे. माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, भार बहुधा लाकडी खांब-तुळयांवर असे. कित्येक घरांत भिंती ढासळूनही हा सांगाडा उभा राहिला. भिंतीत मात्र आतबाहेर दगडांचे दोन थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नाही. हादऱ्याने थर सुटले, फुगले, फुटले. मातीचं छप्पर जड होतं, हा आक्षेप खराच. वजन जितकं जास्त, तितका भूकंपाचा आडवा जोर जास्त. पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तेच घर गार ठेवी. म्हणूनच पुढे जुन्या घरांच्या मजबुतीकरणात माळवदावरची माती कमी करणं, भिंतीत काँक्रीटचे आरपार सांधे घालणं आणि भोवती पट्टा बांधणं हे उपाय सुचवले गेले.